मागच्या खोलीचा उजेड

मास्तर पहिल्यापासूनच कमी बोलणारे. बायको गेल्यापासून तर त्यांची सगळी भाषा एका अक्षरावर येऊन थांबली होती. ते अक्षर म्हणजे "हं". चहा टाकू का? हं. नळाला पाणी आलं का? हं. लांबच्या शहरात असलेली मुलगी दर रविवारी फोन करून विचारायची, "बाबा, जेवलात का?" त्यालाही हं, मग पोटात काही गेलेलं असो वा नसो. या हंमध्ये होकार किती आणि नकार किती, हे खुद्द मास्तरांना सांगता आलं नसतं. ऐकणारा आपल्या सोयीचं ते उचलायचा आणि चालू पडायचा. पुढे जे झालं ते या हंमुळे झालं, असं गल्लीत अजून म्हणतात.

मास्तर रफूगार होते. कोणी शिंपी म्हटलं की पूर्वी ते लगेच दुरुस्त करायचे: शिंपी नवं शिवतो, रफूगार जुनं होतं तसं करतो. कोटाला कसर लागली, पँट खिळ्याला अडकून फाटली, इस्त्रीवाल्याने गप्पांच्या नादात सदऱ्याला भोक पाडलं, की ते कापड मास्तरांकडे यायचं. मास्तर एकेक धागा उभा घालत, मग एकेक आडवा, वर-खाली, वर-खाली, आणि भोक होतं तिथे कापड उगवायचं. कापडाच्याच शिवणीतून धागा काढता आला तर उत्तम, पण तो बहुतेकदा निघत नाही, आणि निघाला तर पुरत नाही. मग रिळातला दोरा जुळवावा लागतो. या जुळवण्यात मास्तरांचा हात धरणारा कोणी नव्हता. "भोक कुठे होतं ते शोधून दाखवा, चहा माझ्याकडून," अशा पैजा गिऱ्हाइकं आपसात लावायची, आणि चहा नेहमी लावणाऱ्यालाच फुकट मिळायचा.

घर म्हणजे एका रांगेत भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या पाच घरांतलं मधलं. पुढची खोली गल्लीकडे, मागची खोली स्टोअरच्या आवाराकडे. स्टोअर जुनं, बसकं, वर पत्रे. साबणापासून बादलीपर्यंत सगळं तिथे मिळायचं आणि निम्मं धुळीसकट मिळायचं. पण बसकं असल्यामुळे त्याच्या पत्र्यावरून उजेड सरळ या पाच घरांच्या पाठीवर यायचा. उजेड कुठून येतो याचा विचार कोणी केला नव्हता. तसा विचार कोणी करतही नाही.

मग एक दिवस स्टोअरच्या फाटकावर पाटी लागली. जुनं पाडून चार मजली नवं बांधायचं होतं, खाली गाड्या ठेवायला तळघर, मागच्या बाजूला माल उतरवायची जागा, आणि मागची भिंत थेट कुंपणाच्या रेषेवर. हरकत असेल त्याने बांधकाम समितीकडे नोंदवावी, समिती जागा बघायला येईल, मग सुनावणी होईल, असं खाली लिहिलं होतं. गल्लीत एकच धावपळ उडाली. ज्यांना एकमेकांचं तोंड बघायचं नव्हतं ते एकमेकांच्या ओट्यावर बसू लागले.

बैठक शेजारच्या बाईंकडे भरली. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या शिक्षिका. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि वर्गावरचा आवाज अजून तसाच. दुसरे पुढारी कोपऱ्यावरचे पेन्शनर. जन्मभर कुठल्याशा कचेरीत फायली सरकवल्या होत्या, आता त्यांना फक्त नियम पचायचे. गल्ली त्यांना कायदेपंडित म्हणायची, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना ते आवडायचं.

"नियम साधा आहे," कायदेपंडित म्हणाले. "ज्या खोलीत माणूस राहतो किंवा काम करतो, तिचा उजेड अडत असेल तर मागचे वरचे मजले आत घ्यावे लागतात. मोरीला, अडगळीला उजेडाचा हक्क नाही. आणि आपण चौघांनी मागे काय केलंय? पत्रे टाकून मोऱ्या काढल्यात. आपल्याच पायावर धोंडा."

"म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे आपली सगळी मदार मास्तरांच्या मागच्या खोलीवर. खिडकी तेवढी त्यांचीच शाबूत आहे."

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर कपातल्या चहावरची साय बघत होते.

"तुमच्याइतकी भक्कम हरकत कोणाचीच नाही, मास्तर. उजेडावर पोट आहे तुमचं. रंग जुळवायचा तर दिवसाच्याच उजेडात. दिव्याखाली निळा काळा दिसतो आणि काळा निळा. खरं की नाही?"

"हं," मास्तर म्हणाले.

"बघा! स्वतः म्हणताहेत." कायदेपंडितांनी लगेच लिहून घेतलं.

त्यांनी लिहिलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त ते ज्याच्याबद्दल खरं होतं, ते माणूस आता नव्हतं.

मास्तरांना रंग दिसत नसत. म्हणजे निळा दिसे, पिवळा दिसे, पण तांबडा, हिरवा आणि तपकिरी हे तिघे त्यांना एकाच आईची लेकरं वाटत. फिका कुठला आणि गडद कुठला हे त्यांना कोणापेक्षाही चांगलं कळे, पण हिरवा कुठला हे विचाराल तर आनंद. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या तपकिरी कोटाला रफू करून तो ऐटीत खुंटीला टांगला. बायको बघत राहिली.

"अहो, हा दोरा कुठून काढलात?"

"का?"

"काही नाही. जरा खिडकीशी आणा बघू."

दोघांनी खिडकीशी उभं राहून कोट पाहिला. मास्तरांना त्यात काही दिसलं नाही, आणि त्यांना काही दिसत नाही एवढं तिला दिसलं. कोटावर हिरवं बोट उमटल्यासारखा डाग होता. ती हसली नाही, की कोणापाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "दोरा मी काढून देत जाईन. तुम्ही सुईचं बघा." रफूगाराला रंग कळत नाहीत हे बाहेर फुटलं असतं तर दुकानाला टाळं लागलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ दोघांनी इतकी वर्षं झाकून ठेवली की पोटच्या मुलीलाही पत्ता लागला नाही.

मागच्या खोलीतली खिडकी ही तिची जागा. तिथे एक टेबल, टेबलावर सात खणांची लाकडी पेटी, पेटीत रिळं. डाव्या हातात कापड, उजव्या हातात दोऱ्याचा तुकडा, तोंड उजेडाकडे, डोळे बारीक केलेले. "हा नाही. हाही नाही. हा. घ्या." बाकीच्या चार घरांनी मागे मोऱ्या काढल्या तेव्हा मास्तरांनीही गवंड्याला बोलावलं होतं. तिने गवंड्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. "माझी खिडकी कोणी बुजवायची नाही," म्हणाली. गल्लीत तेव्हा तिला हटवादी ठरवलं गेलं होतं. आता त्याच हट्टावर गल्लीची सगळी भिस्त होती, पण याची आठवण कोणी काढली नाही.

आजारपणात तिने खाट खिडकीजवळच लावून घेतली. शेवटी शेवटी उठवत नसे, तेव्हा पेटी मांडीवर घेऊन तिने सगळी रिळं पुन्हा लावली, सगळ्यात जास्त लागणारा रंग डावीकडून पहिला. मग मास्तरांना समोर बसवून पाढा घोकावा तसं घोकायला लावलं.

"म्हणा."

"काळा, हिरवा, निळा, तपकिरी, राखी, लाल, पांढरा. अगं, पण हे आत्ता कशाला?"

"आत्ता नाही तर कधी? परत म्हणा. फिका-गडद तुमचं तुम्हाला कळतं. खण चुकू नका म्हणजे झालं."

मास्तरांना तेव्हा तिचा राग आला होता. ती गेली त्या दिवशी तोही निघून गेला, आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. रडू आलं नाही. लोक म्हणाले, येईल, बांध कधीतरी फुटतोच. मास्तरांनी थोडे दिवस वाट पाहिली, मग तेही सोडून दिलं. जेवणात मीठ नसलं तरी कळायचं नाही, हाताला चटका बसला तरी उशिरा कळायचा. मागच्या खोलीत बसणं त्यांनी बंद केलं. काम पुढच्या खोलीत, दाराशी. पेटी मात्र हलवली नाही, ती तिथेच टेबलावर. दोरा लागला की आत जायचं, दिवा न लावता, खिडकीकडे न बघता हव्या त्या खणात हात घालायचा, फिकी-गडद रिळं मुठीत घेऊन बाहेर यायचं, दार ओढून घ्यायचं. गिऱ्हाईक आलं की मास्तर कापड पुढे धरून विचारायचे, "हा रंग कोणता म्हणाल तुम्ही?" गिऱ्हाइकाला वाटे म्हातारा परीक्षा घेतोय. "चॉकलेटी, मास्तर," ते सांगे, आणि मास्तर मनात म्हणत, चौथा खण. तिचे डोळे पेटीत होते. त्यावर दुकान चाललं होतं.

तेव्हा चार मजले येणार म्हणून मास्तरांना काही वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. चार येवोत नाहीतर चाळीस. खिडकी ज्याला हवी होती ते माणूस गेलं, आता खिडकीही जाईल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. हरकतीच्या कागदावर कायदेपंडितांनी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली.

समिती यायच्या आदल्या दिवशी बाई बादली, फडकं आणि केरसुणी घेऊन दारात उभ्या.

"मास्तर, खोली वापरातली दिसली पाहिजे. मी आवरून देऊ?"

"हं."

बाई आत गेल्या. मास्तर दाराशी बसून एका पँटचा गुडघा भरत राहिले. आतून खिडकीच्या काचा पुसल्याचा चुईचुई आवाज आला, खाट सरकवल्याचा आवाज आला. मधूनच बाई बाहेर डोकवायच्या, हातात काहीतरी घेऊन. औषधांच्या बाटल्या, चष्म्याचं घर, पायातल्या सपाता.

"हे ठेवू का?"

"हं."

"का टाकू?"

"हं."

बाईंनी शेवटी सगळं एका खोक्यात भरलं आणि कपाटावर ठेवलं. त्या बिचाऱ्या रडल्यासुद्धा, मास्तरांच्या वाटचं. घरी गेल्या आणि एक कोट घेऊन परत आल्या. त्यांच्या नवऱ्याचा, जपून ठेवलेला, खांद्याला कसर लागलेली.

"उद्या टेबलावर काहीतरी काम दिसायला हवं ना. हा असू दे. नाहीतरी कधीपासून करून घ्यायचाच होता."

मास्तरांनी कोट हातात घेतला. कापड चांगलं होतं, जाड विणीचं. "हा रंग कोणता म्हणाल तुम्ही?"

"बाटलीचा हिरवा. मला काय परीक्षेला बसवताय?" बाई हसल्या. "आणि मास्तर, तुमच्या पेटीत किती गोंधळ होता! तीही लावून टाकली."

"हं," मास्तर म्हणाले. ते कोटाची वीण बघत होते. ऐकलं, पण ते शब्द कानाच्या आत काही गेले नाहीत.

समितीत तीन माणसं होती. अध्यक्ष म्हणजे एक थकलेले, सज्जन गृहस्थ, गुडघे धरून चालणारे. बाकीचे दोघे लिहायला. बरोबर स्टोअरचा आर्किटेक्ट, बगलेत नकाशाची गुंडाळी. गल्लीने त्याला मनातल्या मनात खलनायक ठरवून ठेवलं होतं, पण तो चप्पल बाहेर काढून आत आला आणि पाणी मागून प्याला, त्यामुळे सगळ्यांची पंचाईत झाली.

मागच्या खोलीत दाटी झाली. खोली अशी लख्ख मास्तरांनीही पाहिली नव्हती. पडदा काढलेला, काचा पुसलेल्या, आणि उजेड टेबलावर दूध सांडावं तसा पसरलेला. मास्तर उंबऱ्यावर थांबले. कायदेपंडितांनी त्यांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं.

"ही यांची कामाची खोली," कायदेपंडित म्हणाले. "जन्म गेला इथे. हा उजेड गेला तर यांचं पोट गेलं. कोणालाही विचारा."

"कोणाला कशाला, त्यांनाच विचारू," अध्यक्ष म्हणाले. "मास्तर, आम्हाला यातलं काही कळत नाही. दोन टाके घालून दाखवता का? तुम्हाला उजेड कसा लागतो ते बघू म्हणजे."

मास्तरांनी कोट ओढला. बाटलीचा हिरवा, म्हणजे दुसरा खण. पेटीकडे न बघताच हात गेला. दोन रिळं काढून मास्तरांनी कोटाशी धरली, गडद होतं ते घेतलं, सुई ओवली आणि कोटाचा खांदा डाव्या तळहातावर ताणून काम सुरू केलं. एकदा सुई कापडात शिरली की मास्तरांना आजूबाजूचं भान उरत नसे. वर-खाली, वर-खाली. बोटं अशी चालली होती की समितीतला लिहिणारा माणूस लिहायचं थांबला.

मग एकेक मान पुढे झाली.

हिरव्यागार कोटावर विटकरी दोऱ्याची ओळ उठून दिसत होती, जखमेवर खपली धरावी तशी. सगळ्यांना दिसत होती. कायदेपंडित खाकरले. आर्किटेक्ट आढ्याकडे बघू लागला. या माणसाला त्या क्षणी एक शब्द बोलायची गरज नव्हती, आणि तो बोलला नाही हे त्याच्या नावावर जमा धरलं पाहिजे.

"अहो मास्तर," बाई शेवटी म्हणाल्या, अगदी हळू. "हा विटकरी आहे."

मास्तरांची सुई थांबली. त्यांनी कोट उजेडात धरला, वळवला, पुन्हा धरला. त्यांना दोरा कापडात मिसळलेला दिसत होता. त्यांनी मान वर करून सगळ्यांचे चेहरे पाहिले, आणि पहिल्या वर्षीचा तो तपकिरी कोट त्यांना आठवला.

"मास्तर?" अध्यक्ष म्हणाले.

"मला रंग दिसत नाहीत," मास्तर म्हणाले. "रंग ती बघायची."

"कोण ती?"

"बायको."

"त्या कुठे आहेत?"

बाईंनी कपाटावरच्या खोक्याकडे पाहिलं, वरच चष्म्याचं घर होतं, तेव्हा अध्यक्षांना कळलं. "म्हणजे तुम्ही या खोलीत काम करत नाही?"

कायदेपंडित मास्तरांच्या मागे उभे होते. त्यांनी मास्तरांचा खांदा दाबला, चांगला जोरात. आता एक हं आला असता तरी निभावलं असतं. आयुष्यभर पुरतील इतके हं म्हणणाऱ्या माणसाला नेमका तेव्हा तो सुचला नाही.

"नाही. पुढे करतो. इथे फक्त पेटी असते."

"मग ही खोली कशाला आहे?"

"पेटीला."

लिहिणाऱ्याने लिहिलं. समिती निघाली. अध्यक्ष जाताना मास्तरांना नमस्कार करून गेले. कायदेपंडित कोणालाही नमस्कार न करता गेले. हातातोंडाशी आलेला घास गेला, तोही या मख्ख माणसाच्या खरं बोलण्यापायी, असं ते ओट्यावर उभं राहून बराच वेळ सांगत होते.

खोलीत मास्तर आणि बाई उरले. मास्तर आता पेटीकडे बघत होते. कधी नव्हे ते डोळे लावून बघत होते. पहिल्या खणात काळा नव्हता.

"बाई, पेटीला हात लावलात?"

"काल सांगितलं ना. लावून ठेवली." बाईंच्या आवाजात नाही म्हटलं तरी थोडी शाबासकीची वाट होती. "सगळं वेडंवाकडं होतं. काळ्याला लागून हिरवा, हिरव्याला लागून निळा. मी इंद्रधनुष्यासारखं लावलं. तानापिहिनिपाजा. तांबडा, नारिंगी, पिवळा, असं ओळीने. नारिंगी फारसा नव्हता, मग तपकिरी, विटकरी तिथे बसवले. आणि काळी-पांढरी-राखाडी इंद्रधनुष्यात बसेनात, ती त्या डब्यात..."

बोलता बोलता बाई थांबल्या. चौतीस वर्षं मुलांच्या चुका तपासलेली बाई. स्वतःची चूक त्यांना एका दमात कळली.

"तिने लावली होती," मास्तर म्हणाले. "जाताना."

खूप वेळ मांडी घालून बसावं, पाय लाकूड व्हावा आणि उठताना त्यात मुंग्या येऊन कळ निघावी, तसं मास्तरांना झालं. इतके महिने काही लागत नव्हतं, ते एकदम लागलं. भीती वाटली. आपण गिऱ्हाइकाचं कापड कसं हातात घेणार ही भीती, आणि तिच्या हातचं शेवटचं काम आपण दाराशी बसून पुसू दिलं याची लाज. त्यांनी बाईंना काही म्हटलं नाही. पेटीचं झाकण लावलं, पुढच्या खोलीत येऊन बसले आणि कोटातले विटकरी टाके एकेक करून उसवले.

सुनावणीला गल्लीतले सगळे गेले, मास्तरसुद्धा. पंख्यांची घरघर होत असलेल्या एका दालनात मागच्या बाकावर बसून त्यांनी ऐकलं. मालाच्या गाड्या पहाटे येऊ नयेत, मागच्या भिंतीला पांढरा रंग द्यावा, धूळ उडू नये म्हणून जाळी लावावी. हे सगळं मान्य झालं. मग मधल्या घराची मागची खोली ही साठवणीची खोली असल्याने तिच्या उजेडाची हरकत धरता येत नाही, असं वाचून दाखवलं. अध्यक्षांनी विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे?

मास्तर उभे राहिले. कायदेपंडितांनी डोळे मिटून घेतले.

"साहेब," मास्तर म्हणाले, "ती खोली साठवणीची नाही."

"मग?"

मास्तरांना सांगायचं होतं. तिथे एक बाई बसायची, उजेडाकडे तोंड करून, आणि ती बसायची म्हणून मी रफूगार होतो. हे सगळं घशापर्यंत आलं, आणि बोलायची सवय गेलेल्या माणसाचं जे होतं ते झालं. ते तसेच उभे राहिले. पंखे घरघरत होते. अध्यक्षांनी पुरेसा वेळ थांबून पाहिलं, आणि "बसा मास्तर" म्हणाले. मंजुरी झाली.

गल्लीने मास्तरांशी बोलणं टाकलं. मास्तरांच्या बाबतीत हे लक्षात यायलाही वेळ लागतो, म्हणून काही दिवसांनी सगळ्यांनी कंटाळून परत सुरू केलं. जुनं स्टोअर पाडलं, तेव्हा उलट उजेड आणखीच वाढला. खड्डा खणला, खांब उभे राहिले. मुलीचा फोन आला. "बाबा, जेवलात का?" मास्तर म्हणाले, "नाही गं, जेवलो नाही." पलीकडे मुलगी इतकी दचकली की पुढच्याच गाडीने येते म्हणाली.

मागची भिंत चढायला लागली तेव्हा बाई एका सकाळी आल्या. बादली, फडकं काही नव्हतं. सरळ मागच्या खोलीत जाऊन खिडकीशी बसल्या आणि पेटी पुढे ओढली.

"सांगा. तिने कशी लावली होती?"

मास्तर उंबऱ्यावर उभे होते. तो पाढा त्यांनी तिच्याशिवाय कोणापुढे म्हटला नव्हता.

"काळा," ते म्हणाले. "हिरवा. निळा. तपकिरी. राखी. लाल. पांढरा."

"सावकाश. मी म्हातारी आहे."

बाई एकेक रीळ उचलून खिडकीकडे धरत, डोळे बारीक करत, आणि खणात ठेवत. मास्तर आत आले. मग खाटेच्या कडेला टेकले. बाहेर गवंडी विटा लावत होते, थापीचा आवाज येत होता. भिंत खिडकीच्या अर्ध्यावर आली होती आणि टेबलाचा खालचा भाग सावलीत गेला होता. बाईंनी टेबल थोडं पुढे सरकवून घेतलं. काळे झाले, निळे झाले, लाल-तपकिरींची वाटणी झाली.

शेवटी एक रीळ उरलं. बाईंनी ते उजेडात धरलं, फिरवलं, परत धरलं.

"मास्तर, हा शेवाळी आहे. हा तिने हिरव्यात ठेवला होता का तपकिरीत?"

"तुम्हाला काय दिसतो?"

"मला दोन्ही दिसतो. असा धरला तर हिरवा, असा धरला तर तपकिरी. ती कशात धरायची?"

"तिला विचारायला पाहिजे," मास्तर म्हणाले.

अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, आतल्या खोलीतल्या माणसाला हाक मारायची असावी तसे. मग त्यांनी स्वतःचंच वाक्य ऐकलं. त्यांनी दोन्ही तळहात तोंडावर घेतले आणि ते रडले, खांदे हलवून, आवाज करून, म्हातारा माणूस रडतो तसे. बाई उठल्या नाहीत, पाणी द्यायला गेल्या नाहीत, गप्प राहा म्हणाल्या नाहीत.

बऱ्याच वेळाने बाईंनी ते रीळ हिरव्यात ठेवलं. मग काढून तपकिरीत ठेवलं. मग परत हातात घेऊन बसल्या. बाहेर गवंडी जेवायला उतरले होते, त्यामुळे अजून थोडा वेळ उजेड होता.